वाणातली ट्यूब

फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात ढगाचा पत्ता नसताना एखादी बाई छत्री उघडून भाजीला निघाली, की समजावं, प्रमोदिनी निघाली. भाजीवाले तिला हसतात, शाळेतली मुलं हसतात, मीही हसते. गोरंपान राहायचं खूळ आहे म्हातारपणी, असं नवीन बिऱ्हाडकरूंना वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण त्यासाठी सगळंच सांगावं लागतं. आज सांगते.

तिचे यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या भूजल खात्यात, आणि आमचे हेही तिथेच. बदलीवर आलो ते दोन-चार वर्षांसाठी म्हणून, आणि मग सरकारी नोकरांच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन इथलेच झालो. प्रमोदिनी मूळची साताऱ्याची. नाकीडोळी नीटस, गव्हाळ, हसली की समोरचा माणूसही हसायचा अशी. धाकट्या सुधन्वाच्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग उठले. नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग, आणि वरच्या ओठावर तर एक पट्टाच. आईने सांगितलं, बाळ दूध सोडेल तेव्हा जातील. सुधन्वाने दूध सोडलं, तो शाळेत जायला लागला, वांग होते तिथेच होते.

बायकांच्या तोंडाबद्दल बोलायला कोणालाही परवाना लागत नाही. सासूबाई आल्या की म्हणायच्या, "अगं, तोंड नीट धुतलंस का?" शेजारची पंजाबीण गॅलरीतून ओरडायची, "झाइयाँ हैं जी, लिवर दिखाओ लिवर!" आणि श्यामकांतराव, माणूस वाईट नव्हे, पण विनोद करायची खोड. एकदा चार लोकांत म्हणाले, "आमच्या ऑफिसात असाच नकाशा आहे. जिथे काळं, तिथे पाणी खोल." आम्ही सगळे हसलो. प्रमोदिनीही हसली. त्यानंतर ती जेवायला कधी त्यांच्यासमोर बसली नाही, बाजूला बसायची.

उपाय तिने थोडे केले नाहीत. जायफळ दुधात उगाळून लावलं, मसुराचं पीठ लावलं, बटाट्याचा रस लावला. लिंबू चोळून त्याच तोंडाने गच्चीवर कुरडया घालायला गेली आणि डाग होते त्याहून गडद करून खाली आली. कोणीतरी सांगावं आणि हिने करावं, असा खाक्या होता.

दर संक्रांतीला आमचं महाराष्ट्र मंडळ बस करून पानिपतला काला अंबला जातं. हरलेल्या लढाईला इतक्या भक्तीने जाणारे आपणच. तिथे स्मारकापुढे उन्हात सगळ्यांचा फोटो निघतो. ऐन क्षणी प्रमोदिनी खाली वाकायची, कधी पिशवी उचलायला, कधी चपलेचा पट्टा लावायला. मंडळाच्या एकाही फोटोत तिचा चेहरा नाही. मला त्याचा राग यायचा. इतकं काय लाजायचं, तू काय कोणाचं चोरलंयस, असं मी तिला म्हणायचे. माझ्या तोंडावर वांग नव्हते, म्हणून म्हणायचे.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सगळीकडे नव्याची नवलाई होती. टीव्हीवर विश्वसुंदऱ्यांचं पेव फुटलं होतं, सेक्टरच्या मार्केटात किराण्याच्या दुकानांपेक्षा ब्यूटी पार्लरं जास्त झाली होती. अशाच एका पार्लरवालीने प्रमोदिनीला ट्यूबचं नाव सांगितलं आणि केमिस्टने चिठ्ठी न मागता काढून दिली. रात्री झोपताना लावायची. पहिले काही दिवस ती काही बोलली नाही. मग एका सकाळी माझी बेल वाजली. दारात प्रमोदिनी, तोंडाला पावडरसुद्धा नाही.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. वांग जवळजवळ गेले होते. चेहरा असा तुकतुकीत, की मला क्षणभर मत्सरच वाटला.

त्यानंतर प्रमोदिनीचा कायापालट झाला. ती पुढे बसू लागली, मोठ्याने बोलू लागली. गणपतीत नाटक बसवलं त्यात राणी झाली. काला अंबच्या त्या वर्षीच्या फोटोत ती मधोमध उभी आहे, स्मारक तिच्या मागे झाकलं गेलंय. मला खरंच बरं वाटलं होतं तिच्यासाठी. इथपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे.

चुकलं ते हळदीकुंकवात. आता संक्रांतीचं वाण म्हणजे आपल्याकडे काय, तर प्लास्टिकचा डबा, साबणदाणी, स्टीलची वाटी. मी आयुष्यभर गाळण्या वाटल्या. प्रमोदिनीच्या घरी त्या वर्षी आम्ही ओळीने बसलो, तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि ताट घेऊन ती आली. ताटात छोट्या खोक्यांची चळत. प्रत्येकीच्या ओटीत एकेक ट्यूब.

"गेली कितीतरी वर्षं तुम्ही माझं तोंड बघत होतात," ती म्हणाली. "आता माझं गुपितच लुटा!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! असं वाण आजवर कोणी दिलं नव्हतं. जिच्या तोंडावर डाग होता ती खूश, जिच्या नव्हता तीही खूश, कारण उजळ व्हायला कोणाची ना असते? वाण परत करायचं नसतं, वाया घालवायचं नसतं. शिवाय हळदीकुंकवाचं आलेलं, म्हणजे ते वाईट असेल असं मनातही येत नाही. आम्ही एकीनेही खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं नाही. माझी ट्यूब फ्रिजवर पडून राहिली, कारण झोपताना तोंड धुण्याचाच मला कंटाळा. माझं तोंड माझ्या आळसाने वाचलं.

आमच्यातली रेवती ही प्रमोदिनीची सगळ्यात जवळची. दोघी एका वेळी फरीदाबादला आलेल्या, एकीचं विरजण दुसरीकडून जायचं. रेवतीने तेव्हा नुकताच नोएडात फ्लॅट घेतला होता, पण येणंजाणं तसंच होतं. तिची मुलगी शिवांगी गुडगावला कॉल सेंटरमध्ये लागली होती. हुशार, तरतरीत पोरगी, रंगाने सावळी. दोन स्थळांनी रंगावरून नकार कळवला होता, तोंडावर नाही, पत्रिकेच्या आडून. रेवतीने आपली ट्यूब शिवांगीला दिली. शिवांगी ती रोज लावू लागली, संपली की नवी आणू लागली. उन्हाळा लागायच्या आत पुण्याच्या मुलाकडून होकार आला.

रेवती पेढे घेऊन आली आणि तिने प्रमोदिनीला साडी नेसवली. "तुझ्या वाणाने जमवलं गं," म्हणाली. प्रमोदिनीने नाही म्हटलं नाही. उलट पुढचे कितीतरी दिवस ती स्वतःच ज्याला त्याला सांगत सुटली, शिवांगीचं लग्न माझ्या ट्यूबने जमलं. मी तिला म्हटलंही, "अगं, पोरगी शिकलेली आहे, कमावते आहे, तुझी ट्यूब काय घेऊन बसलीस?" पण तिला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाचा अभिमान वाटत होता. तो मोडायला मला धीर झाला नाही.

जूनमध्ये तिचं तोंड पेटलं. आधी नुसतं लाल व्हायचं, मग गॅसपुढे गेलं तरी आग व्हायची. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव उगवली, पुरळ उठलं. घाबरून तिने ट्यूब बंद केली, तर दोन दिवसांत चेहरा सुजून आला. पुन्हा लावली तर निवला. म्हणजे सोडलं तर पळतं आणि धरलं तर चावतं. श्यामकांतराव राजस्थानात बोअरवेलच्या दौऱ्यावर होते, म्हणून दिल्लीच्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सडेतोड. ट्यूब हातात घेऊन त्यांनी फक्त उसासा टाकला. यात स्टेरॉइड आहे, म्हणाल्या. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे दिवस लावायचं औषध तुम्ही क्रीमसारखं वर्षभर चोपडलंत. कातडी पातळ झाली आणि तिला याचं व्यसन लागलं. एकदम बंद करायचं नाही, मी सांगेन तसं हळूहळू सोडवायचं. मध्ये तोंड फार वाईट दिसेल, घाबरून पुन्हा लावायचं नाही. नीट ऐकलंत तर काही महिन्यांत कातडी सावरेल. आणि वांग? ते बीपीसारखे असतात, म्हणाल्या. कायमचे जातील असा शब्द देत नाही, आटोक्यात ठेवायचे. ऊन टाळा, रोज सकाळी उन्हाचं क्रीम लावा, छत्री वापरा, धीर धरा.

मग त्यांनी सहज विचारलं, "और किसी को तो नहीं दी ये ट्यूब? घर में, पड़ोस में?"

"नहीं जी," प्रमोदिनी म्हणाली. "किसी को नहीं."

मी तिच्याकडे पाहत राहिले. ती टेबलाच्या कडेकडे पाहत होती. कान लाल झाले होते.

रिक्षात बसल्या बसल्या मी तिला झाडलं. "पूर्ण हळदीकुंकवाला वाटलीस आणि कोणाला नाही? तुझ्या तोंडाचं झालं ते झालं, बाकीच्यांनी काय पाप केलंय? तू सांगतेस की मी सांगू?"

तिने माझा हात घट्ट धरला. "मी सांगते गं. माझ्या तोंडाने सांगते. तू सांगितलंस तर मी मेल्यागत होईन. एवढं मला करू दे."

आठवडाभराने मी विचारलं, तर म्हणाली, सांगितलं सगळ्यांना. अगदीच खोटं नव्हतं ते. खरंच एकेकीला फोन करून सांगितलं होतं. बहुतेकींनी ट्यूब संपल्यावर नाद सोडलाच होता, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मला वाटलं, झालं, बाईने निभावलं. माझ्या मनात तिचं कौतुक आलं, आणि ते मी तिच्याजवळ बोलूनही दाखवलं. तशी ती चहा टाकायला उठली.

त्यानंतर ती लोकांतून उठलीच. डॉक्टरांनी सांगितलं तसं औषध कमी करत आणायची, पण गणपती आले, फक्त आरतीपुरतं म्हणून ट्यूब लावली. नवरात्र आलं, फक्त भोंडल्यापुरतं म्हणून लावली. दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. मार्केटात जायचं तर ओढणी कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची, इकडच्या हरियाणवी सुनांसारखा घुंघट. एकदा आमच्या जुन्या भाजीवाल्यानेही तिला "बहू, किस गाँव की है तू?" असं विचारलं. साताऱ्याची प्रमोदिनी, जी कॉलेजात असताना सायकलवरून पदर खोचून जायची, ती मान हलवून भाजी घेऊन पळाली. मला सांगताना ती हसायला गेली आणि रडली. "मला माझी लाज वाटते गं," म्हणाली. मला वाटलं, तोंडाची म्हणतेय.

डिसेंबरात शिवांगीचं लग्न निघालं. हळदीला नोएडाला जायचं, तर प्रमोदिनी डोकं दुखतंय म्हणून बसली. मी तिला उठवलंच. "रेवतीच्या पोरीची हळद, आणि तू येणार नाहीस? तोंड झाकून ये, पण ये." मंडळाच्या बायका गोळा करून आम्ही गेलो. वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि एकदा म्हणाली, "अलकनंदा, आपण परत जाऊ या." मी ऐकलं नाही.

रेवतीच्या घरात नुसता गलबला. दिवाणखान्यात पाट मांडलेला, शिवांगी पिवळ्या साडीत, हातात हिरवा चुडा. पोरगी गोरी दिसत होती, पण ती पावडर होती. जवळ गेल्यावर मला दिसलं. पावडरीखाली गाल लालभडक, नाकाच्या बाजूला त्याच बारीक शिरा. मी प्रमोदिनीकडे वळले. तिने माझी नजर चुकवली, आणि त्याच क्षणी मला कळलं की हिने सगळ्यांना सांगितलं, फक्त इथे सांगितलं नाही. जिला सांगायला सोपं होतं तिला सांगितलं. जिच्याकडून साडी नेसून घेतली तिला नाही.

मी काही बोलायच्या आत रेवतीने हळदीची वाटी आणली. "पहिली हळद प्रमोदिनी लावेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तिच्या हाताला यश आहे. तिच्यामुळे तर जमलं!"

बायकांनी तिला पुढे ढकललं. प्रमोदिनीने आंब्याची पानं हळदीत बुडवली. पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना. पानं गालाजवळ गेली तशी शिवांगीने डोळे मिटले आणि मान मागे घेतली, जशी आपण तापलेल्या तव्यापासून घेतो. प्रमोदिनीचा हात तिथेच थांबला. हळद तिच्या मनगटावरून ओघळायला लागली.

"हिच्या तोंडाला हळद नको लावू या," ती म्हणाली.

गाणं थांबलं. रेवतीचा चेहरा उतरला. "काय अभद्र बोलतेस भरल्या घरात?"

प्रमोदिनीने ओढणी काढली. आमच्यातल्या कितीजणींनी तिचं तोंड महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सोलल्यासारखं लाल, मधे पुरळ, आणि त्यातून ते जुने वांगही पुन्हा डोकावत होते. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"हे त्या ट्यूबने झालंय," प्रमोदिनी म्हणाली. "डॉक्टरांनी मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, हे विष आहे. बाकी सगळ्यांना मी सांगितलं. रेवती, तुला सांगितलं नाही. तू मला साडी दिली होतीस. शिवांगीचं लग्न मी जमवलं असं मी गावभर सांगितलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू, असं व्हायचं. तेव्हा सांगितलं असतं तर आज ही पोरगी बरी झालेली असती. मला माफ नको करूस, पण हळद नको लावूस."

रेवती एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, आता ही हिच्या थोबाडीत देणार. द्यावी, असंही वाटलं. पण बोलली ती शिवांगी. पाटावर बसूनच, आवाज न चढवता.

"काकू, दिवाळीत मी तुमच्याकडे आले होते ना?"

प्रमोदिनीने हातातली पानं वाटीत ठेवली.

"मिठाई द्यायला. तुम्ही दार पूरा उघडलंच नाही. मी म्हटलं, काकू, खूप जलन होतेय, ही ट्यूब बंद करू का? तुम्ही आतूनच म्हणालात, एकदम बंद करू नकोस. लग्नापर्यंत लावत राहा."

हे मला नवीन होतं. गप्प राहिली, एवढंच मी धरून चालले होते. गप्प राहणं मी समजू शकले असते, कदाचित पुढेमागे विसरलेही असते. पण पोरगी दारात उभी राहून विचारत होती, आणि हिने तिला डॉक्टरांचं अर्धंच वाक्य सांगून परत पाठवलं. हळूहळू सोडव, माझ्याबरोबर दवाखान्यात चल, हे उरलेलं अर्धं तिने स्वतःपाशी ठेवलं. ते सांगायला दार उघडावं लागलं असतं.

"हो," प्रमोदिनी म्हणाली. "मीच सांगितलं."

"मी तुमचं ऐकलं, काकू," शिवांगी म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावर उतरताच ती कळवळली. तिच्या मावसबहिणीने ओल्या कपड्याने तिचं तोंड टिपलं. हळद हातापायांनाच लावायची ठरली. कोणीतरी पुन्हा गाणं सुरू केलं, पण ते काही रंगलं नाही.

प्रमोदिनी कोणाला न सांगता उठली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. मला तिची दया येत होती आणि तिच्याशी बोलावंसं वाटत नव्हतं, दोन्ही एकदम. चपला घालून ती दारात थांबली. सवय. सवाष्ण घरातून निघाली की तिला कुंकू लावल्याशिवाय आपण जाऊ देत नाही, मग घरात काहीही झालेलं असो. आणि रेवती करंडा घेऊन आलीच. तिने बोटावर कुंकू घेतलं, हात वर नेला, आणि तो हात प्रमोदिनीच्या कपाळाजवळ हवेत राहिला. कपाळभर कुठेही अखंड कातडी नव्हती.

"कुठे लावू?" रेवतीने विचारलं.

रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं होतं.

"नको लावूस," प्रमोदिनी म्हणाली, आणि कुंकू न लावताच जिना उतरून गेली.